लवट्याच्या वाड्यावरचे लांडगे

त्या हंगामात परवान्यावर मारलेले जेवढे लांडगे माझ्या टेबलावर आले, ते सगळे नर होते.

"नर?" वनक्षेत्रपाल ढमढेरे यांनी पायरीवरूनच विचारले.

"नर."

"झकास!" ते म्हणाले आणि मग त्यांनी वळून पाहिले. मी तपासणी करीत असले की ते विश्रामगृहाच्या व्हरांड्याकडे पाठ करून समोरचा काटेरी चिलारींचा माळ न्याहाळत उभे राहत. एका बाईने मेलेल्या जनावराची शेपटी उचलून पाहावी आणि निष्कर्ष मोठ्याने सांगावा, याची त्यांना शेवटपर्यंत सवय झाली नाही.

लांडगा त्या काळी संरक्षित प्राणी नव्हता. शेपटी आणून दाखवावी आणि सरकारी बक्षीस घेऊन जावे, अशी जुनी पद्धत होती. त्या वर्षी आमच्या भागात तिच्याऐवजी एक प्रयोग सुरू झाला : ऑक्टोबरच्या मध्यापासून महिनाभराचा ठरावीक हंगाम, रीतसर परवाना आणि एका परवान्यावर दोनच लांडगे. मारलेले जनावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तपासणीला आणणे बंधनकारक होते, आणि तपासणीसाठी कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातून मला पाठवले होते. नियम ढमढेऱ्यांनी स्वतः तयार केले होते आणि प्रत्येक परवान्याच्या पाठीमागे ते छापलेले असत. निरपराध जनावर मरू नये म्हणून परवानेवाल्याने धनगराच्या मेंढवाड्यातच बसायचे आणि वाड्याकडे चालून येणाऱ्या लांडग्यावरच गोळी झाडायची. आमिष लावायचे नाही. मादी मारायची नाही. असे एकूण अकरा नियम होते आणि ढमढेऱ्यांना ते पाठ होते.

"म्हणजे नियम चार चोख पाळला जातोय," ते म्हणाले. "एकही मादी मारलेली नाही."

"तीच तर काळजी आहे. ढमढेरे, दिवस बुडताना, पन्नास पावलांवरून तुम्हाला लांडग्यातला नर आणि मादी ओळखता येईल?"

"मला?" ते जरा विचारात पडले. "नाही बुवा."

"मलाही नाही येत. आणि माझं ते शिक्षण आहे."

टेबलावरचा लांडगा घेऊन आलेले आप्पासाहेब रणनवरे खुर्चीत बसून चहा पीत होते. तालुक्यात त्यांची तेलाची गिरणी होती आणि बंदूक साफ करण्याची हौस ती झाडण्यापेक्षा अधिक होती. ते हसून म्हणाले, "बाई, नेम धरताना आम्ही त्याची कुंडली नाही बघत."

"तेच म्हणते मी. नाणं उडवलं आणि दर वेळी छापाच पडला, तर तुम्ही काय म्हणाल?"

"नशीब म्हणेन."

"मी नाणं बघायला मागेन."

आप्पासाहेबांनी कप खाली ठेवला. "म्हणजे मी माद्या मारून लपवतो, असं म्हणायचंय?"

"तुम्हीच असं नाही. पण कुणीतरी माद्यांवर गोळ्या झाडतो आणि त्या इथे येत नाहीत. दुसरं काही संभवत नाही."

"माझ्यापुरतं सांगतो," ते जरा घुश्शात म्हणाले, "मी दोन मारले, दोन्ही तुमच्यापुढे ठेवले. आणि खरं सांगू? त्यात मर्दुमकी काही नव्हती. त्या धुळा लवट्या धनगराच्या वाड्यावर लांडगा कसा येतो माहीत आहे? सासुरवाडीला आल्यासारखा. मान वर, चाल सरळ. आपल्याच तंद्रीत. मेंढ्यांकडे ढुंकूनही बघत नाही. गोळी घालायची लाज वाटावी."

ते गेल्यावर ढमढेरे आपण होऊन टेबलाजवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? माळावर पाच वाडे आहेत. पाचही ठिकाणी परवानेवाले बसतात. बाकीच्या चार वाड्यांवर ते नुसते डास मारतायत. आजवर आलेला प्रत्येक लांडगा धुळा लवट्याच्या वाड्यावर पडलाय."

हे माझ्या लक्षात आले नव्हते, कारण मी जनावरे पाहत होते आणि ते ठिकाणे पाहत होते. आता दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्यावर त्या मला मुळीच आवडल्या नाहीत.

"मादी लपवली तर शिक्षा कुणाला?" मी विचारले.

"ज्याच्या वाड्यावर लपवली त्याला. नियम नऊ. त्याचा चराईचा पास रद्द."

"आणि पास रद्द झाला की?"

"माळ सोडायचा. पावसाळ्यापर्यंत परत पाय ठेवायचा नाही."

"मग तो मेंढरं घेऊन जाणार कुठे?"

"ते नियमात नाही," ढमढेरे म्हणाले. माणूस दुष्ट नव्हता. त्याने फक्त खरे सांगितले.

त्याच दिवशी उन्हे उतरायच्या आत मी धुळा लवट्याच्या वाड्यावर गेले. वाडा म्हणजे उघड्या माळावर खुंट्या ठोकून उभी केलेली वाघर, सुतळीच्या जाळ्याचे गोल कुंपण. रात्री मेंढरे त्याच्या आत असतात, आणि बाहेर तीन दगडांची चूल, घोंगड्या, घोड्यावर लादायचे सामान. धुळा पन्नाशीचा असावा. उंच, वाळलेला, बोलताना पायाच्या अंगठ्याने माती उकरण्याची सवय. त्याची बायको ठकूबाई चुलीपुढे भाकरी थापत होती.

"लांडगी?" धुळा म्हणाला. "न्हाय बाई. लांडगी आली न्हाय."

"एकही नाही?"

"आली आसती तर म्या कशापायी लपवू? मला काय तिचं कातडं पांघरायचंय?"

"पांघरलं तर लोक वळखायचं न्हाईत," ठकूबाई भाकरीवरची नजर न काढता म्हणाली. "तेवढाच बदल."

धुळा हसला नाही. मी विचारले, "या महिन्यात तुमची मेंढरं किती गेली?"

"एक बी न्हाय."

"एवढे लांडगे येतात आणि एक कोकरूसुद्धा नेत नाहीत?"

"न्हाय नेत," तो म्हणाला. असे सांगताना मेंढपाळाच्या आवाजात थोडा तरी तोरा असायला हवा होता. त्याच्या आवाजात मला भीती ऐकू आली, आणि ती मी मनात नोंदवून ठेवली. मी टेबलावर प्रत्येक लांडग्याचे पोट उघडून पाहिले होते. एकाही पोटात लोकरीचा धागा सापडला नव्हता. बहुतेक पोटे रिकामीच होती. तेव्हा धुळा खोटे बोलत नव्हता. पण खरे बोलणारा माणूस घाबरलेला असेल, तर त्याने दुसरे काही तरी दडवलेले असते, असा माझा अनुभव होता.

वाड्यापासून थोड्या अंतरावर हिवराचे झाड होते. त्याच्या बुडाशी माती ताजी होती, आणि कुणी उकरू नये म्हणून तिच्यावर काट्यांची फांदी ठेवली होती.

"तिथे काय पुरलंय?"

ठकूबाईचे हात थांबले. धुळा म्हणाला, "काय न्हाय."

"मग उकरून दाखवा."

"त्ये न्हाय व्हायचं, बाई."

"का?"

"न्हाय व्हायचं म्हणलं ना." एवढे बोलून त्याने माझ्याकडे पाठ केली.

सकाळी वनक्षेत्रपालांना घेऊन येते, असे सांगून मी निघाले. वाटेत म्हाळू कोकऱ्याचा वाडा लागला. म्हाळू हा पाचही वाड्यांचा कारभारी. कोणी कुठे वाडा टाकायचा, माळ कधी उतरायचा, हे त्याच्या शब्दावर ठरत असे. तो माझी वाटच पाहत होता.

"बाई, तुमी लांडगी हुडकताय," तो म्हणाला. "तिथं लांडगी न्हाय. तिथं देवाचं हाय."

"कोणत्या देवाचं?"

"आमच्या बिरोबाचं. धुळ्यानं गेल्या साली आजारपणात नवसाचं कोकरू बोललं हुतं. काळं, बिनडागाचं. बरा झाला आन् इसरला. आता देवानं कुत्री धाडल्यात आपली. लांडगं म्हंजी देवाची कुत्रीच की."

"त्यांनी धुळ्याचं काहीच नेलं नाही."

"न्हेत न्हाईत, तीच तर खूण हाय. भूक आसती तर न्हेलं आसतं." त्याने आपल्या कुत्र्यांकडे हात केला. "आन् आमचं कुत्रं बी रडतंय. चारी वाड्यांवरचं. तुमच्या नियमानं सांजच्याला बांधून घालतो त्येस्नी. दिस बुडला की सुरू. समदी तोंडं लवट्याच्या वाड्याकडं. बायापोरं घाबरल्यात. म्या धुळ्याला सांगून टाकलंय, पास ऱ्हावो न्हाय तर जावो, माळ उतरताना आमच्या संगं यायाचं न्हाय."

"एकटा जाऊ शकेल तो?"

"एकटं मेंढरांचं खांड घिऊन?" म्हाळूने हात झटकला. "वाटंतल्या गावात तिसऱ्या दिशी लुटतील त्येला."

कुत्रे रडतात हे मी निरीक्षण म्हणून स्वीकारले. त्याचे दिलेले कारण स्वीकारले नाही. पण धुळा लवट्यावर आता दोन बाजूंनी संशय होता. एक सरकारचा, दुसरा त्याच्याच माणसांचा. आणि पहिला संशय मी निर्माण केला होता.

सकाळी आम्ही हिवराखाली जमलो. ढमढेरे, फावडे घेतलेला एक वनरक्षक, मी, आणि न बोलावता आलेला म्हाळू. ठकूबाई आडवी आली नाही, पण तिथून हललीही नाही. फावड्याचे चार-पाच घाव पडले आणि पिवळा रंग दिसला. वनरक्षकाने हाताने माती बाजूला केली. आत एक कोकरू होते, काळे, बिनडागाचे, अंगभर भंडाऱ्याची हळद माखलेले.

मग ठकूबाई म्हणाली, "झालं समाधान? का पोट फाडून बगायचंय ह्याचं बी?"

मी वनरक्षकाला फावडे खाली ठेवायला खुणावले.

म्हाळू खाली वाकून पाहत होता. "दिलं व्हय रं, धुळ्या? कवा?"

"आठ रोज झालं."

"चोरून का मग?"

"सांगून दिलं आसतं तर तू म्हणला आसतास, बगा, कबूल केलं." धुळा अंगठ्याने माती उकरत होता. "दिलं, कारभारी. भंडारा उधळून, पाया पडून दिलं. तरी येत्यातच. त्याच रातीला येक आला, आन् परवाच्याला ह्या साहेबलोकांनी आनिक येक पाडला."

एका अर्थाने हा प्रयोगच होता. एक कारण गृहीत धरून त्याने ते दूर केले होते, आणि परिणाम बदलला नव्हता. पण तसे मी बोलले नाही. खड्डा पुन्हा बुजवायला सांगितले.

ढमढेरे मला बाजूला घेऊन म्हणाले, "इथे नाही तर दुसरीकडे पुरली असेल. विहिरी आहेत, ओढा आहे. बाई, वरून विचारणा होतेय. तुमचाच तर्क आहे की सगळे नर असणं शक्य नाही. पासचा हुकूम मी सोमवारी काढतो."

"माझा तर्क असा होता की माद्यांवर गोळ्या झाडल्या जातायत. पुरावा मिळालेला नाही."

"मग सगळे नर कसे?"

"माहीत नाही," मी म्हणाले, आणि ते खरेच होते.

वाद घालण्यापेक्षा जमीन पाहावी म्हणून मी वाड्याभोवती फिरले. त्या वेळी मला आणखी एक गोष्ट छळत होती. लांडग्यांचे दात मी रोज पाहत होते. ते झिजलेले नव्हते. टेबलावर आलेला प्रत्येक नर तरुण होता, नुकताच वयात आलेला. मेंढ्या उचलण्यात मुरलेला जुना नर त्यांत एकही नव्हता. माळावर म्हातारे लांडगे होते, माद्या होत्या, त्यांच्या पाऊलखुणा मी ओढ्याकाठी पाहिल्या होत्या. लवट्याच्या वाड्यावर मात्र तरुण नरच येत.

वाघर गोल होती. मेंढरांचा वास वाऱ्याबरोबर ज्या बाजूने माळावर जात असे, त्या बाजूला लांडग्याचे एकही पाऊल नव्हते. मी पूर्ण फेरी मारली. विरुद्ध बाजूला, वाघरीच्या बाहेर, जमिनीत एक खुंटी होती. तिच्याभोवती मात्र माती पायांनी तुडवून पिठासारखी झाली होती. पावले माळावरून तिथे येत होती, तिथेच फिरत होती, एकमेकांवर पडत होती. त्यांतले एकही पाऊल वाघरीकडे वळलेले नव्हते.

"इथे काय बांधता?" मी ओरडून विचारले.

धुळा जवळ आला. "कुत्रं. सांजच्याला बांधायचं ना, नियम हाय तुमचा. नायतर बंदूकवालं लांडगा म्हणून कुत्र्याला गोळी घालत्याल."

"कोणतं कुत्रं?"

"आमचंच."

"ते समजलं. कुत्रा की कुत्री?"

धुळ्याने ढमढेऱ्यांकडे पाहिले. ढमढेऱ्यांनी माळाकडे पाहिले. उत्तर ठकूबाईने दिले. "कुत्री. मैना नाव तिचं. ती काय, घोड्याच्या सावलीत पडलीया."

"कारभारी, तुमच्या वाड्यावर कुत्री आहे?"

"न्हाय," म्हाळू म्हणाला. "आमी चौघं बी कुत्रंच पाळतो. कुत्री लवट्याच्याच घरात ऱ्हाती. त्यो त्येंचा मान हाय, आज्यापंज्यापासनं. पिल्लं आमास्नी तिथनंच मिळत्यात."

मी मैनाला पाहायला गेले. करड्या रंगाची, मजबूत बांध्याची कुत्री होती. तिने शेपटी हलवली. मी तिला तपासले. इतके दिवस लांडगे तिच्या दोरीच्या टप्प्यात येत होते आणि तिच्या अंगावर दाताची एक खूण नव्हती.

"ही माजावर आहे?"

ढमढेऱ्यांना खोकला आला.

"हाय की," ठकूबाई म्हणाली. "हिच्या आदी हिची म्हातारी आय माजावर हुती, आता ही. कार्तिक न्हाय का, बाई!"

मी सरकारी कागदांवरून काम करीत होते, आणि तिथे हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरचा होता. तोच कार्तिक, कुत्र्यांच्या माजाचा महिना आहे, हे मला त्या क्षणापर्यंत एकदाही जाणवले नव्हते. पण मघापर्यंत मी माद्या लपवल्या जातात, असेही तितक्याच खात्रीने म्हणत होते. नुसता तर्क जुळला म्हणून बोलायची मला आता घाई नव्हती.

"आज संध्याकाळी मैनाला इथे बांधू नका," मी म्हणाले. "ओढ्यापलीकडे ती पडकी चुनाभट्टी आहे ना, तिथे बांधा. मेंढरं इथेच राहू देत. लांडगे मेंढरांसाठी येत असतील तर इथे येतील."

"आन् तिथं आलं तर?" धुळ्याने विचारले.

"तर बघू."

"एकलीला फाडली तिला तर?"

"मला वाटतं, फाडणार नाहीत. पण हमी देत नाही."

ठकूबाई उठली. "पाच वाड्यांची कुत्री हाय ती, बाई. ती गेली तर हितून म्होरं कुणाच्याच वाड्याला राखण न्हाय."

"ठके," धुळा म्हणाला, "पास गेला तर राखायचं काय?"

ती पुन्हा खाली बसली.

"बाई, हे नियमात बसत नाही," ढमढेरे म्हणाले. "नियम तीन. जिवंत आमिष लावायचं नाही."

"गोळी झाडायची नसेल तर ते आमिष कसलं? तुम्ही स्वतः माझ्याबरोबर बसा. बंदूक आणू नका."

ते बसले, याचे श्रेय मी त्यांना आजही देते. दिवस मावळायच्या सुमारास आम्ही तिघे, धुळा, ढमढेरे आणि मी, चुनाभट्टीच्या उरलेल्या भिंतीवर पोटावर पडून होतो. खाली मोकळ्या जागेत मैना खुंटीला बांधलेली. आसपास एक मेंढी नाही, मेंढीची लेंडी नाही. ओढ्याच्या दुसऱ्या बाजूला धुळ्याच्या वाड्यात, भरल्या खांडाशेजारी, एक नवा परवानेवाला बंदूक भरून बसला होता.

सूर्य गेला. म्हाळूच्या वाड्यावरून पहिला कुत्रा रडला. मग दुसऱ्या वाड्यावरून दुसरा. लांबलचक, वर चढत जाणारा सूर. धुळ्याने हात जोडले.

"ते बघा," ढमढेरे कुजबुजले.

गवतातून एक लांडगा बाहेर आला होता. आप्पासाहेबांनी वर्णन अगदी अचूक केले होते. मान वर, चाल सरळ. तो मैनापासून थोड्या अंतरावर थांबला, शेपटी उंच धरली, हवा हुंगली. मैना उठून उभी राहिली. ती भुंकली नाही. दोरी ताणून ती त्याच्या दिशेने गेली आणि शेपटी हलवू लागली. तेवढ्यात डावीकडून दुसरा लांडगा आला. पहिल्याने दात दाखवले. दोघे एकमेकांवर गुरगुरत, खांद्याला खांदा घासत गोल फिरले. मग दुसऱ्याने माघार घेतली आणि दूर जाऊन बसला, वाट पाहत. दोघेही तरुण होते. धुळ्याच्या वाड्याकडे, जिथून वाऱ्यावर मेंढरांचा वास स्पष्ट येत होता, त्यांनी एकदाही तोंड वळवले नाही.

पुढे जे झाले ते पाहायला नको म्हणून ढमढेऱ्यांनी कपाळ भिंतीला टेकवले.

"आयला!" धुळा पुटपुटला. त्याचे जोडलेले हात सुटले होते. "ह्ये मैनाचं पाव्हणं व्हय!"

तो हसू लागला. आवाज बाहेर पडू नये म्हणून त्याने पटक्याचे टोक तोंडात कोंबले. तो हसत होता की रडत होता, हे मला त्या उजेडात नीट दिसले नाही, आणि मी त्याबद्दल तर्क करणार नाही.

अंधार पडेपर्यंत वाड्याकडून बंदुकीचा आवाज आला नाही. परवानेवाल्याने पुढे सांगितले की त्या संध्याकाळी त्याला लांडग्याचे कानसुद्धा दिसले नाहीत.

सकाळी विश्रामगृहाच्या पायरीशी म्हाळू उभा होता. मी काही बोलण्याआधीच तो म्हणाला, "बाई, काल आमचं कुत्रं लवट्याच्या वाड्याकडं बगून रडलं न्हाय."

"मग?"

"फिरून बसलं. भट्टीकडं तोंड करून." त्याच्या मनातला देव आणि खुंटीची बदललेली जागा यांचा मेळ तो घालत असावा. "देव काय कुत्रीच्या मागनं फिरायचा न्हाय. धुळ्याला सांगतो, आमच्या संगंच उतर म्हणून."

हा पडताळा मी योजलेला नव्हता. चार वाड्यांवरच्या कुत्र्यांना माझा तर्क ठाऊक नव्हता, म्हणून त्यांची साक्ष मला सर्वांत भरवशाची वाटली.

ढमढेरे मात्र व्हरांड्यात येरझारा घालत होते. माझा अहवाल त्यांनी दोनदा वाचला.

"नियम सात, कुत्रे बांधायचा, मी लिहिला," ते अखेर म्हणाले. "मागे दुसऱ्या भागात एका शिकाऱ्यानं धनगराचा कुत्रा मारला होता. कुत्रा आणि लांडगा, कमी उजेडात सारखेच दिसतात. म्हणून लिहिला. चांगल्यासाठीच."

"मला माहीत आहे."

"इथे 'संभवतः' असा शब्द घालता का? एका ठिकाणी."

"दुसरं एखादं कारण सुचवा. त्यानं सगळं तितकंच नीट उलगडत असेल, तर लगेच घालते."

ते खुर्चीत बसले. त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. मी तो त्यांच्या चेहऱ्यावर पाहिला. वरच्यांना हे कळले की हंगाम बंद होणार, आणि त्यासोबत त्यांचे अकराही नियम जाणार, हे त्यांना दिसत होते. दुसरा मार्ग सोपा होता : धुळ्याचा पास रद्द करायचा आणि मादी सापडली नाही एवढेच वर कळवायचे. थोड्या वेळाने त्यांनी कोटाच्या खिशातून सोमवारचा हुकूम काढला, उभा फाडला, मग आडवा फाडला आणि तुकडे पुन्हा खिशात ठेवले. जमिनीवर टाकले नाहीत. अहवालावर सही करून म्हणाले, "धुळ्याला तुम्ही सांगा. मला बाईमाणसांपुढे हे असलं बोलता येत नाही."

"मीही बाईमाणूसच आहे, ढमढेरे."

"तुमचं वेगळं," ते म्हणाले.

मी वाड्यावर गेले. धुळा, ठकूबाई आणि आणखी दोन वाड्यांवरच्या बायका चुलीभोवती बसल्या होत्या. मैना घोड्याच्या सावलीत झोपली होती. पास राहिला, हे मी आधी सांगितले. ठकूबाईने माझ्यापुढे भाकरी ठेवली, पण हात पुढे करायच्या आत म्हणाली, "आदी कारण सांगा. लोकं इचारतील तर काय सांगायचं आमी?"

मी सांगितले ते असे.

दर वर्षी कार्तिकात या माळावरचे सगळे कुत्रे मोकळे असत. लवट्यांच्या कुत्र्या माजावर आल्या की पाचही वाड्यांवरचे कुत्रे इथे जमत, आणि त्यांच्या कळपात शिरायची हिंमत लांडग्याला होत नसे. या वर्षी हंगामाच्या नियमाने सगळे कुत्रे संध्याकाळी बांधले गेले, आणि माजावर आलेली कुत्री एकटी, खुंटीला, उघड्यावर राहिली. तिचा वास लांबवर गेला. बांधलेले कुत्रे तिच्याच ओढीने रडू लागले. जोडीदार न मिळालेले तरुण लांडगे तिच्यासाठी आले. कुत्री याच वाड्यावर होती, म्हणून ते याच वाड्यावर आले. ते वाड्याकडे येताना दिसले, म्हणून मेंढ्या मारणारे ठरवून त्यांना परवान्यावर मारले गेले. मेंढ्यांसाठी त्यांतला एकही आला नव्हता.